एकाच्या बदल्यात

"एकाच्या बदल्यात पाच!" चंद्रशेखरने बशी टीपॉयवर आपटली. "आणि तोसुद्धा स्वतःहून चौकी सोडून गेलेला. असं डील कोण करतं यार?"

टीव्हीवर दुपारपासून तेच चाललं होतं. पाच वर्षं शत्रूच्या कैदेत असलेला अमेरिकन शिपाई सुटला होता. त्याच्यासाठी सरकारने पाच कैदी सोडले होते. तो पळाला होता की भरकटला होता, यावर सगळा देश भांडत होता. अमेरिकेतल्या रेडमंड गावातल्या रवींद्रच्या दिवाणखान्यात मात्र निकाल लागलेला होता.

"पळपुटा तो पळपुटा," रवींद्र चंद्रशेखरला, आपल्या ऑफिसातल्या मित्राला, म्हणाला. "राहू द्यायचं तिकडेच."

स्वयंपाकघराच्या दारात रवींद्रची बायको नीलांबरी गाडीची किल्ली घेऊन उभी होती. त्यांचा आर्य कॉलेज अर्धवट सोडून पोर्टलंडला एका बेकरीत पाव भाजत होता. आठ महिने बापाने त्याला घरात घेतलं नव्हतं. आज तो न विचारता बसने आला होता, आणि स्टॉपवर बसून मेसेज करत होता : कॅन आय कम होम?

"मी आणते त्याला," नीलांबरी म्हणाली.

"आधी कॉलेजात परत जाऊ दे. मग घरात." रवींद्रने आवाज वाढवला, टीव्हीचाही. "मी सैनिकी शाळेत शिकलोय. डिसिप्लिन काय असते ते मला विचारा."

"सतरा दिवस," कोपऱ्यातून त्याची आई म्हणाली.

अहिल्याबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. चंद्रशेखरचा वडा हातातच राहिला.

"आई, आत्ता ते कशाला?"

"सतराव्या दिवशी कुंपणाखालून निघालास. फाटक्या चड्डीने येऊन न्हाणीत लपलास. तुझे बाबा म्हणाले, पळपुटा पोरगा या घरात नको. मग तू चार दिवस सुलेखामावशीकडे लाडू खात होतास, आणि मी इकडे वाटाघाटी करत होते."

"कसल्या वाटाघाटी?"

"बाई नोकरीला जाते म्हणून पोरगं बिघडलं, असं त्यांचं म्हणणं. मुलगा घरात हवा, तर बाईही घरात हवी. सोमवारी मी कन्याशाळेत राजीनामा दिला. मंगळवारी तू घरी आलास."

"तू तर म्हणायचीस, शिकवायचा कंटाळा आला."

"कंटाळा म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही."

टीव्हीवर दोन माणसं एकमेकांवर ओरडत होती. रवींद्रने तो बंद केला. उठून नीलांबरीच्या हातातली किल्ली घेतली आणि चपला शोधू लागला. एक सापडली, दुसरी सापडेना. कोणीही मदत केली नाही. शेवटी तो तिचेच स्लीपर घालून बाहेर पडला.

चंद्रशेखरला राहवलं नाही. "काकू, मग तुमचं डील कसं होतं? एकाला किती?"

अहिल्याबाईंनी मेथीच्या काड्या गोळा केल्या.

"चव्वेचाळीस," त्या म्हणाल्या. "मुलींची चौथी ब. आणि त्यातली एकही पळपुटी नव्हती."