मागची बाई

जव्हारमधल्या एका सरदारांच्या दिवाणखान्यात त्यांच्या कुटुंबाचं साठ वर्षांपूर्वीचं तैलचित्र होतं. उत्तम त्याची नक्कल करत चेहरे रंगवायला शिकत होता. मुंबईहून कॅनव्हास आला नाही, तेव्हा त्याने आपल्या वारलेल्या बायकोचं, कुसुमावतीचं, एकुलतं एक चित्र सुरीने खरवडलं आणि त्यावरच नक्कल केली. आधी डोळे खरवडले, म्हणजे पुढचं तिला दिसायला नको.

दुपारी हरिभाऊ मास्तरांनी नक्कल पाहिली.

"हात बसलाय तुझा. पण मागची बाई का गाळलीस?"

"मास्तर, मूळ चित्रात सातच माणसं आहेत."

"नीट मोज."

उत्तमने मान वर करून भिंतीवरच्या मूळ चित्राकडे पाहिलं. सरदारांच्या माणसांमागे, हिरव्या लुगड्यात, कुसुमावती उभी होती. डोळ्यांच्या जागी सुरीचे ओरखडे होते.