लाइलची हजामत

लाइलला पेंढ्याखाली दडवून पोरं वर ऐसपैस बसली, आणि नेमकी त्याच वेळी ती बाई समोर येऊन उभी राहिली. डोक्यावर चर्चला जायची टोपी, हातांत पांढरे मोजे, पाय घोट्यापर्यंत चिखलात.

"माझा मुलगा कुठाय?"

"इथं लाखभर आहेत, काकू. आवडेल तो घेऊन जा," त्यांतला एक दाढीवाला म्हणाला. पोरं खिदळली. मार्नीनं कॅमेरा खांद्यावर घेतला.

मार्नी तेवीस वर्षांची. या संगीतमहोत्सवावर सिनेमा निघत होता आणि खरे कॅमेरावाले वाहतुकीत अडकले, म्हणून तिच्या हाती कॅमेरा आला होता. तीन दिवस पावसात गाणी टिपून ती कंटाळली होती. सिनेमाचं काही धड चालेना. आदल्या दिवशी रिळं घेऊन निघालेला मोटारसायकलवाला चर्चच्या फाट्यावर उजवीकडे शहराकडे वळायच्या ऐवजी डावीकडे वळला, तो गाईगुरं बघत थेट कॅनडाच्या सीमेवर पोचला. पहारेकऱ्याला वाटलं, हाही सैन्य चुकवून पळणाराच. "आधी आंघोळ करून ये," म्हणून त्यानं त्याला परत हाकललं. दिग्दर्शकानं कपाळावर हात मारून घेतला होता.

लाइलची गोष्ट मात्र मार्नीला आवडली होती. एकोणीस वर्षांचा, पेनसिल्व्हेनियाचा. सोमवारी सकाळी आठला त्याला भरतीच्या कचेरीत हजर व्हायचं होतं, आणि तिथून व्हिएतनाम. त्याच्या गल्लीतले दोघं पेटीतून परत आले होते. बाप गावातल्या माजी सैनिकांचा पुढारी. "मी जाणार नाही म्हणजे नाही," लाइल सकाळीच म्हणाला होता. आज शनिवार. घोडामैदान जवळच होतं.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "मी बसते." आणि त्या पेंढ्यावर टेकल्या. त्यांच्या खालून कोणीतरी शिंकलं.

"सर्दी झालीय वाटतं," त्या म्हणाल्या. "ऊठ, लाइल."

लाइल डोक्यात काड्या घेऊन बाहेर आला. केस खांद्यापर्यंत. "आई, मी येणार नाही."

"तुला विचारलंय कोणी?"

त्यांनी पिशवी उघडली. कात्री, फणी, पांढरं फडकं. इस्त्रीचा शर्ट, टाय, बापाचे काळे बूट. ते बघून पोरांनी एकच गिल्ला केला.

"काकू, सोमवारपर्यंत दम नाही का? सैन्यात फुकट भादरतात!"

"सैन्यातली हजामत मला पसंत नाही," बाई म्हणाल्या. "भांग नीट पडत नाही."

मग त्यांनी मुलाला जवळ ओढलं आणि त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. आवाज टिपणारा गडी यंत्रासकट चिखलात आडवा झाला होता, त्यामुळे ते कोणाला ऐकू आलं नाही. मार्नीला एवढंच दिसलं की लाइलचा चेहरा एकदम कोरा झाला. तो गुमान पालथ्या दुधाच्या कॅनवर जाऊन बसला. बाईंनी फडकं गुंडाळलं आणि कात्री चालवली. त्याचे खांदे गदगदा हलत होते.

"रडतोय बिचारा," मार्नीशेजारची मुलगी म्हणाली आणि स्वतःच रडायला लागली.

ढेकूळ कोणी मारलं, दिसलं नाही. ते टोपीवर बसलं. बाईंनी टोपी सरळसुद्धा केली नाही.

"आणखी मारा. चिखल काय, धुतला की जातो."

मार्नीला राहवलं नाही. कॅमेरा चालू ठेवून ती ओरडली, "पोटच्या पोराला मरायला पाठवताय! लाज नाही वाटत?"

बाईंनी कात्री थांबवली आणि सरळ कॅमेऱ्यात बघितलं. "तो माझा मुलगा आहे, बाळ. त्याचं काय करायचं ते मी ठरवणार. तू नाही, त्याचा बाप नाही, दुसरं कोणीही नाही. काढ, नीट काढ माझा फोटो." आणि पुन्हा कातरायला लागल्या. मार्नीला त्यांचा इतका राग आला की तिनं कॅमेरा आणखी जवळ नेला.

अर्ध्या तासात लाइलचा बँकेतला कारकून झाला. भांग डावीकडे, टाय घट्ट. तो कोणाकडेही न बघता कुंपणापलीकडच्या करड्या गाडीत जाऊन बसला. बाईंनी झाकलेली थाळी त्याच्या मांडीवर ठेवली. "ॲपल पाय आहे. कोणी विचारलं तर मावशीसाठी. सांडू नकोस." दार लागलं. शेतरस्त्यानं गाडी चर्चच्या दिशेला उतरायला लागली, आणि टेकडीवरून लाखभर गळ्यांनी नाही तरी हजारभर गळ्यांनी तिची छीथू केली. मार्नीनं कॅमेरा गाडीवरून काढला नाही.

सिनेमा निघाला आणि धो धो चालला. गाण्यांना लोक नाचत, चिखलातल्या घसरगुंडीला हसत, आणि कात्री घेतलेल्या त्या बाई पडद्यावर आल्या की थिएटरात शिट्ट्या आणि शिव्या. लढाईच्या विरोधातल्या मोर्चांत त्यांचं चित्र फलकांवर लागलं. खाली लिहिलेलं असे, 'हिच्यापासून वाचवा'. मार्नीला बक्षीस मिळालं. ते घ्यायला ती गेली नाही.

दिग्दर्शकाची एकच तक्रार कायम राहिली. एवढा जिवंत प्रसंग, आणि गाडी चर्चपाशी पोचायच्या आतच तुटतो. "पुढचं कुठाय?" असं तो दर वेळी विचारायचा.

"रीळ संपलं होतं," मार्नी दर वेळी सांगायची.

रीळ संपलं नव्हतं. शेवटचा वीतभर तुकडा तिनं संकलनाच्या टेबलावर स्वतःच्या हातानं कापला आणि त्याच दिवशी घरी नेऊन मोरीत जाळला. त्यात करडी गाडी चर्चच्या फाट्यावर थांबली होती, नंबर स्वच्छ वाचता येत होता, आणि तिचा डावीकडे वळायचा दिवा लुकलुकत होता.