पुसलेली पानं

परळीत वीजकेंद्राची राख कुणाला सोडत नाही. पत्रे, वाळत घातलेले कपडे, माझी वेणी, सगळ्यांवर सारखीच बसते. साखराआत्यानं शेळ्या चारताना डोंगरातून कळलावीचा कंद आणून दारात लावलता. वेलाची पानं ती रोज ओल्या पदरानं पुसायची आणि जाता जाता माझे गालही. "राखंत फुलपाखरू बसत न्हाई गं, मोहने!"

गेल्या वर्षी आत्या वारली. औंदा त्याच कंदातून पुन्हा कोंब आला.

आई म्हणाली, "दारात कळलावी म्हंजी घरात भांडणं. उपटून टाकते."

"आत्याची हाय ती! रोज पानं मी पुसते, फुलं तर येऊ दे!" मी काय ऐकते होय!

पण सकाळी फडकं घेऊन जावं, तर पानं आधीच लखलखीत. मग लालपिवळी फुलं आली आणि फुलपाखरांची नुसती झुंबड! मी आईच्या गळ्यातच पडले. "तूच पुसतीस ना गं?"

"मला धुणं आवरंना, पानं कशाला पुसू? तूच पुसतीस की!"

काल दुपारी मी वेलाजवळ पहारा देत बसले आणि तिथंच डोळा लागला. उठून आरशात पाहिलं. केसांवर, कपाळावर राख होती.

गाल मात्र स्वच्छ होते. अजून ओले होते.