सोळावी कॅसेट

“दुसरा परिणाम,” सोमाने सांगितलं आणि मध्येच तो गप्प झाला.

गंगाबाईचं पेन कागदावर अडून राहिलं. कर्जतच्या परीक्षा केंद्रात दोघांना वेगळी खोली दिली होती. सोमा दोन्ही डोळ्यांनी आंधळा. तो सांगणार, ती लिहिणार. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला हवा, म्हणून बालवाडी चालवणारी मॅट्रिक पास गंगाबाई. सांगेल तेवढंच लिहायचं आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, असं तिला दोनदा बजावलं होतं. दारापाशी एक सर वर्तमानपत्र उघडून बसले होते.

तिने पेन बाकावर टकटक वाजवलं.

“थांब गं गंगाताय,” सोमा म्हणाला. “दूध उतू चाललंय. उतरवायला गेलीय ती.”

गंगाबाईने टकटक थांबवली. कोण गेलीय, हे तिला विचारावं लागलं नाही.

याच इतिहासाच्या पेपरात सोमा गेल्या साली नापास झाला होता, आणि त्यात त्याची काडीची चूक नव्हती. पुस्तकच नव्हतं. ब्रेलमध्ये नाही, टेपवर नाही. मुंबईला, पुण्याला पत्रं धाडून झाली. एका ठिकाणाहून उत्तर आलं, तेही छापील. आंधळ्याला छापील पत्र, घ्या! शेवटी थोरली बहीण पुतळा वैतागली. “कशाला लोकांच्या पाया पडतोस रं? मला वाचता येतं ना?” भिवपुरीच्या घरात चुलीपाशी टेपरेकॉर्डर ठेवून तिने पुस्तक वाचायला घेतलं. पंधरा कॅसेट भरल्या. त्यांत इतिहास होता, खोकला होता, कोंबड्यांना हुसकणंही होतं. सोळावीची एक बाजू झाली आणि तिला ताप आला. चौथ्या दिवशी पुतळा गेली. तिला शेवटची आंघोळ गंगाबाईनेच घातली होती.

राहिलेली चार पानं मग गंगाबाईने सोमाला दोनदा वाचून दाखवली. ऐकायचा बिचारा. पण “कानात शिरत नाय गं,” म्हणायचा.

दूध उतरलं असावं. सोमा पुन्हा बोलायला लागला. रेल्वेमुळे व्यापार कसा वाढला, कापूस बंदरात कसा गेला, एकेक वाक्य पुतळाच्या चालीने येत होतं. जिथे ती श्वास घ्यायची तिथे हाही घेत होता.

“तिसरा परिणाम. दूरची गावं एकमेकांना जोडली गेली. आपल्या ठाकुरवाडीवरनं घाट चढते तीच ही गाडी, बरं का रं.”

गंगाबाईने तेही लिहिलं. नियम म्हणजे नियम.

“बाजू संपली. उलटते हं,” सोमा म्हणाला आणि मांडीवर हात ठेवून बसून राहिला.

भिंतीवरच्या घड्याळात पंधरा मिनिटं उरली होती. प्रश्न मोठा होता, चार परिणाम मागितले होते, आणि काठावर पास व्हायलासुद्धा चौथा लागणार होता. या वेळी गेलो तर पुन्हा बसणार नाही, असं सोमाने घरी सांगूनच ठेवलं होतं. गंगाबाईने पेन वाजवलं. पुन्हा वाजवलं. तो मान किंचित तिरकी करून ऐकत होता.

दहा मिनिटं राहिली.

“गंगाताय,” त्याने हळूच विचारलं, “उलटायला एवढा वेळ लागतो का गं?”

गंगाबाईने पेन खाली ठेवलं. तिने सरांकडे पाहिलं. वर्तमानपत्राआड त्यांचं तोंड दिसत नव्हतं. वीस वर्षं विहिरीवर, शेताच्या बांधावर, पुतळाच्या शेजारी बसून ऐकलेला तो आवाज तिला पुरता ओळखीचा होता. ती सोमाच्या कानाशी वाकली आणि त्याच आवाजात म्हणाली,

“उलटली रं, सोमा. बोल आता.”

वर्तमानपत्र खाली आलं.

“कोण बोललं?” सरांनी विचारलं.

गंगाबाईने झटकन पेन उचलून मान खाली घातली. सोमा मात्र सावरून ताठ बसला.

“माझी आक्का, सर,” तो म्हणाला. “लिही गंगाताय. चौथा परिणाम.”