कंपाउंडरचा खून

धाकट्या नणंदेचं लग्न झालं, त्या वर्षीची गोष्ट. मंदाकिनी रहस्यकादंबऱ्या लिहायची आणि प्रत्येक प्रकरण आधी सासूबाईंना वाचून दाखवायची. सासूबाई गवार मोडत ऐकायच्या आणि शेवटाच्या कितीतरी आधी खुनी ओळखायच्या. त्यांनी ओळखला, की मंदाकिनी खुनी बदलायची. घरातला नियमच होता तो.

त्या दिवशीही त्या म्हणाल्या, "खून त्या कंपाउंडरनं केलाय. सांगून ठेवते."

मंदाकिनी हसली. "आई, त्याचाच तर खून झालाय. कालच नाही का वाचलं?"

सासूबाईंचे हात थांबले. त्यांनी खाली पाहिलं. देठं ताटलीत पडली होती आणि शेंगा केराच्या कागदावर.

"माझं डोकं चाललं गं आता," त्या हळूच म्हणाल्या.

मंदाकिनीनं शेंगा उचलून ताटलीत घातल्या. "थांबा हो, अजून शेवट कुठं झालाय?" असं म्हणून ती लिहायला बसली. नदीत सापडलेलं प्रेत दुसऱ्याच कुणाचं निघालं आणि कंपाउंडर दाढी वाढवून गावातच फिरत होता, असं तिनं लिहिलं. आठवड्याभरात तिनं शेवट वाचून दाखवला.

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" सासूबाई म्हणाल्या. "मलाच वेड्यात काढत होतीस."

"चुकलंच माझं," मंदाकिनी म्हणाली.

कादंबरीतला कंपाउंडर शेवटच्या पानापर्यंत जिवंत राहिला. सासूबाई मात्र ती छापून यायच्या आधीच, त्या वर्षीच्या मार्गशीर्षात वारल्या.