सहावा वाफा

भात संशोधन केंद्रावर मावशी निंदणीच्या कामाला होत्या. उशिरा पेरलेल्या भाताला युरिया नेमका किती लागतो, हे बघायला साहेबांनी सहा वाफे केले होते. पाच वाफ्यांना कमीजास्त युरिया तोलून द्यायचा आणि सहाव्याला कणभरही नाही. "मावशी, याला काही म्हणजे काही घालायचं नाही," साहेबांनी दोनदा बजावलं होतं.

सहावा वाफा पिवळा पडायला लागला, तसं मावशींना बघवेना. पाच लेकरांना वाढायचं आणि सहाव्याला समोर उपाशी बसवायचं, ही कुठली रीत? घरी जाता जाता त्या उघड्या पोत्यातून मूठभर युरिया घ्यायच्या आणि गुपचूप त्या वाफ्यात टाकायच्या. कापणीला सहाही वाफे सारखेच भरले. साहेब वजनकाट्याकडे बघतच राहिले आणि मावशी मनातल्या मनात सुखावल्या.

पुढच्या वर्षी मावशींच्या स्वतःच्या शेतातली पेरणी महिनाभर लांबली. नवरा शेतकऱ्यांच्या बैठकीहून परतला, तेव्हा त्याच्या हातात पाण्याचा तांब्या देत त्यांनी विचारलं, "युरिया कधी टाकायचा, काही सांगितलं का?"


"उशिरा पेरलेल्या भाताला तो लागतच नाही म्हणे. तुझ्या साहेबांनी प्रयोग करून बघितलंय. आपली पोती दुकानात परत देऊन आलो, सगळ्या गावानंच दिली."