धक्क्यावर राहिलेली आठवण

नारळीच्या झाडांनी वेढलेल्या एका एकांतातल्या बेटावर आठ दिवस निवांत राहायचं, म्हणून कुमुदिनी आणि दत्ताराम जुनी बॅग भरत होते. तेवढ्यात तिथल्या रिसॉर्टमधून एका मुलीचा फोन आला. कुमुदिनीने तो स्पीकरवर घेतला.

"मावशी, मागच्या खेपेला बोटीत चढण्याआधी धक्क्यावर तुमची दुःखाची आठवण मनातून काढून आमच्याकडे ठेवलीत, ती परत न्यायची राहिलीय. आता पुसून टाकू का?"

"अगं, आम्ही पहिल्यांदाच येतोय," कुमुदिनी हसली. "कसली आठवण?"

"चिठ्ठीवर 'आमची रेवा, वय सहा' असं लिहिलंय. खाली तुम्हा दोघांच्या सह्या आहेत."

"आम्हाला मूलच नाही!" दत्ताराम ओरडला.

कुमुदिनीचं हसू मात्र विरलं. बॅगेच्या तळाशी तिच्या हाताला पोहण्याचा इवलासा लाल चष्मा लागला होता.

"पुसू नकोस," ती कशीबशी म्हणाली. "आम्ही तिला न्यायला येतोय."